सावड फिटेपर्यंत

सन एकोणीसशे सत्तेचाळीसचा मार्गशीर्ष महिना. रब्बीची ज्वारी पोटऱ्यात आलेली, कणसं बाहेर पडायच्या बेतात. सकाळी धुऱ्यावरच्या गवतावर दहिवर पडायचं. तेव्हा मी जाफराबादच्या वर, वऱ्हाडच्या हद्दीला, कॅम्पात होतो. हिंदुस्थान स्वतंत्र झाला होता. आम्ही निजामाच्या राज्यातले, आम्ही झालो नव्हतो. म्हणून लढत होतो.

लढाईच्या गोष्टींचं कडब्याच्या गंजीसारखं आहे. एक पेंढी ओढली की चार अंगावर येतात. नातवंडं विचारतात, आजोबा, किती मारले? मी जे सांगतो ते त्यांना आवडत नाही. त्यांना धडाधड गोळ्या पाहिजेत. गोळ्या होत्या. पण मला आजही जे आठवलं की डोकं सुन्न होतं, ते गोळ्यांचं नाही.

माझं शिक्षण तिसरी, तेही उर्दूत. जसं घडलं तसं लिहितो.

*

कॅम्प म्हणजे एका शेतकऱ्याचं रान. त्याच्या रानाच्या मधून हद्द गेलेली. मधला धुरा, म्हणजे बांध, हीच हद्द. अलीकडं वऱ्हाड, म्हणजे हिंदुस्थान. पलीकडं मोगलाई, म्हणजे निजाम. आमची चूल अलीकडच्या लिंबाखाली. आम्ही पंचवीसेक माणसं. बहुतेक सगळे कुणबी, आपापल्या गावात वॉरंट निघालं म्हणून पळून आलेले.

कॅम्पाचे पुढारी वकीलसाहेब. जालन्याचे. वकिलीची परीक्षा अर्धी टाकून आलेले, वय माझ्यापेक्षा कमी, चष्मा लावायचे. मला सगळे हवालदार म्हणायचे. मी महायुद्धात खच्चरांच्या पलटणीत शिपाई होतो, हवालदार कधीच नव्हतो. पण म्हणू दिलं. कुणाला तरी म्हणावंच लागतं.

स्वयंपाकाला चाँदभाई. परतूरच्या बाजारात खाणावळ होती त्यांची. रझाकारांत भरती हो म्हणून सांगायला माणसं आली, तर चाँदभाईंनी खाणावळीला कुलूप लावलं आणि आमच्याकडं आले. का आले, ते कधी बोलले नाहीत. पातेलं आणि पळी मात्र घेऊन आले.

सकाळी लोटा घेऊन सगळे धुरा ओलांडून मोगलाईत जायचे. तिकडं पळसाचं रान दाट होतं. वकीलसाहेबांनी हुकूम काढला : शत्रूच्या मुलखात विनाकारण कुणी जायचं नाही, परसाकडं सुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी चाँदभाई लोटा घेऊन धुऱ्यावर उभे. म्हणाले, “साब, खाना हिंदुस्थान में पकाया, हिंदुस्थान में खाया. अब ये भी हिंदुस्थान मेंच? आपना मुल्क गंदा नक्को करो साब.”

वकीलसाहेबांनी चष्मा पुसला. मग स्वतःचा लोटा उचलला आणि मोगलाईत गेले.

*

कॅम्पात बंदुका दोन. एक ठासणीची, एक बारा बोराची. बाकीच्यांना काठ्या. मी रोज सकाळी परेड घ्यायचो. ही माणसं उभी राहा म्हटलं की उभी राहायची, पण हातातली तंबाखू मळून झाल्यावर. तरी मी त्यांना दोन महिन्यांत सरळ चालायला शिकवलं. पहारा शिकवला. दबून बसायचं, मोजायचं, हूं की चूं करायचं नाही.

आसाराम नावाचा गडी होता, भोकरदनकडचा. अंगानं आडवा, तोंडानं फटकळ. त्याला धुऱ्यावरच्या तुरीत बसवला. खालून निजामाच्या घोडेस्वार पोलिसांची एक टोळी येणार अशी बातमी होती. किती घोडी, किती बंदुका, एवढंच बघून यायचं.

टोळी आली. गाडीवाट सोडून ती मोगलाईतल्या ज्वारीतून सरळ निघाली. मी मागच्या नाल्यातून बघत होतो. आसाराम तुरीतून उठला. पूर्ण उठला. आणि ओरडला, “ए, डोळे फुटले का रे? पोटऱ्यात आलेल्या पिकातून घोडं घालून राह्यला?”

 सगळ्या बंदुका तिकडच्यांच्या हातात, आणि हा बाबा छाती काढून उभा.

पुढच्या जमादारानं लगाम ओढला. खाली बघितलं. घोडं मागं घेतलं, आणि म्हणाला, “चुकलं, पाटील.” मग सगळी टोळी एकामागं एक बांधावर आली आणि बांधाबांधानं निघून गेली. कोण ओरडला, इथं कशाला बसला होता, काही विचारलं नाही. पार वळणावर गेल्यावर जमादारानं एकदा मागं वळून बघितलं. बहुतेक तेव्हा त्याच्या ध्यानात आलं असावं.

संध्याकाळी मी आसारामला सगळ्यांसमोर उभा केला. म्हटलं, गोळी घातली असती म्हणजे? तो म्हणाला, “पीक होतं, हवालदार.”

वकीलसाहेबांनी विचारलं, “तुमच्या ओळखीच्या कुणाचं होतं का?”

“मला काय माहीत कुणाचं? पीक होतं.”

*

आता कडुबाचं.

कडुबा आमच्या पलीकडच्याच गावचा. धुऱ्यावर उभं राहिलं की त्याचं गाव खाली दिसायचं. बोलणं कमी. सुताची दोरी वळत बसायचा. बायको कौसाबाई गावातच होती, रान बघत होती.

गावाच्या वेशीजवळ गाडीवाटेवर निजामाचा नाका. हद्दीतून काय येतं, काय जातं ते बघायला पाच-सहा शिपाई. आम्ही हद्दीवर आल्यापासून त्यांना बंदुका मिळाल्या होत्या.

एके दिवशी दुपारी नाक्यावरून गोळीबार सुरू झाला. आम्ही जेवायला बसलो होतो. मी ओरडलो, पडा. सगळे पडले. वकीलसाहेब पातेल्यामागं पडले. एकटा कडुबा बसलेला. गुडघ्यावर दोरी, हात चालू.

गोळ्या लिंबाच्या शेंड्यातून जात होत्या. पाला गळून चाँदभाईंच्या वरणात पडत होता.

मी म्हटलं, कडुबा, पड. तो म्हणाला, “कपडे कशाला खराब करता, हवालदार. सांडू हाय तो.”

कोण सांडू?

“माझा सावडकरी.”

गोळ्या थांबल्यावर त्याला मधे बसवून विचारलं. सांडू त्याच्याच गावचा, बांधाला बांध लागून शेत. दिवाळीनंतर नाक्यावर शिपाई म्हणून लागला. घरी रान थोडं, खाणारी तोंडं जास्त, सरकारी पगार मिळत होता. गावात सगळ्यांत चांगला नेम त्याचा. पाटलाच्या बंदुकीनं पळतं काळवीट पाडायचा. बाकीच्या शिपायांना बंदूक कुणीकडून धरायची तेही धड माहीत नाही, म्हणून हद्दीवर गोळ्या घालायचं काम सांडूकडं.

“ज्याचं काळवीट चुकत न्हाई, त्याला एवढं लिंबाचं झाड आन् खालची माणसं चुकतेत व्हय?” कडुबा म्हणाला. “मुद्दाम वर मारून राह्यला तो. माझ्याकडं त्याची सावड हाय.”

आताच्या पोरांना सावड सांगावी लागते. आज मी माझे बैल घेऊन तुझ्या रानात राबायचं, उद्या तू माझ्या. पैसा नाही, धान्य नाही. कामाला काम. त्या साली हस्ताच्या पेरणीला कडुबाचा एक बैल बसला होता. सांडू आपली जोडी आणि तिफण घेऊन आला आणि त्याचं सगळं रान एका दिवसात पेरून दिलं. ती सावड फेडायच्या आत कडुबावर वॉरंट निघालं आणि तो पळाला.

आमच्या भागात जुना दंडक होता. सावड बाकी आहे तोवर सावडकऱ्यावर हात उचलायचा नाही. बांधाचं भांडण असो, सोयरिकीचं असो. आधी सावड फेडायची, मग डोकी फोडायची. मी स्वतः असं होताना पाहिलं आहे. एका माणसानं सकाळी सावड फेडली आणि संध्याकाळी त्याच घरावर काठी घेऊन गेला.

पण ते गावातलं भांडण. इथं निजाम आणि हिंदुस्थान भांडत होते. दोन राज्यांची लढाई, आणि मधे ही तिफण. मी महायुद्ध पाहिलेला माणूस. असलं तिथं काही नव्हतं.

चाँदभाईंनी वरणातला पाला वेचता वेचता एवढंच म्हटलं, “कल से इसकू चूल्हे के पास बिठाओ.”

*

त्यानंतर कॅम्पाची तऱ्हाच बदलली. पहाऱ्याला कडुबाबरोबर कोण जाणार म्हणून चढाओढ लागली. पाणी आणायला जायचं तर कडुबाला पुढं घालून. एकदा तर मला दिसलं, सात-आठ जण त्याच्याभोवती दाटीनं बसून हुरडा खात होते, आणि चांगलं मोकळं रान सगळं रिकामं.

वकीलसाहेबांनी हे दोन-तीन दिवस बघितलं. मग त्यांचे डोळे चमकले. म्हणाले, “हवालदार, ही तर ढाल आहे आपली. कडुबांना प्रत्येक गस्तीत पुढं ठेवा. गोळी येणार नाही.”

मला ते पटलं नाही. मी म्हटलं, माणसामागं लपून लढत नसतात. ते म्हणाले, लपायचं नाही, उपयोग करायचा. शिकलेली माणसं एकाच गोष्टीला दोन नावं ठेवतात. पण पुढारी ते होते. मी कडुबाला पुढं ठेवलं.

फक्त एक गोष्ट कुणी कडुबाला विचारली नव्हती. माघात नाक्यावर चालून जायचं ठरलं. बारा बोराची बंदूक मी कडुबाकडं दिली. त्यानं हात मागं घेतला.

“मला न्हाई धरता येणार.”

का?

“तिकडं सांडू हाय. त्याचा हात बांधलेला हाय तसा माझाबी बांधलेला हाय.”

तो नाक्यावर आला नाही. चुलीपाशी बसून राहिला. आम्ही गेलो, आणि पुढं काही जमलं नाही म्हणून परत आलो. आसारामच्या दंडाला छर्रा चाटून गेला. तो सांडूचा नव्हता, दुसऱ्याच कुणाचा तरी उडालेला. कडुबा आमच्यात नाही हे सांडूला काय माहीत? आसाराम पट्टी बांधून घेता घेता कडुबाला म्हणाला, “जावईबापू, सासरच्यांनी आहेर केलाय बघा.”

सगळे हसले. त्या दिवसापासून कडुबाला सांडूचा जावई हेच नाव पडलं. ज्याच्या आडोशाला बसत होते त्यालाच हसत होते. मी हे दुसऱ्या कुठल्या पलटणीत पाहिलं नाही.

 कडुबानं दोरी वळणं बंद केलं.

*

कॅम्पाला भाकरी मोगलाईतल्या गावांतून यायची. बाया रानात जाताना टोपल्यात भाकरी घ्यायच्या, वर गोवऱ्या रचायच्या, आणि नाक्यावरून निघायच्या. धुऱ्यापाशी आल्या की गोवऱ्या त्यांच्या, भाकरी आमच्या.

कौसाबाई सगळ्यांत जास्त आणायची. उंच, काळी, कपाळावर मोठं कुंकू. कॅम्पात आली की कडुबाकडं बघायची सुद्धा नाही. टोपलं चाँदभाईपुढं ठेवायची. त्यांची आणि तिची रोज वादावादी. चाँदभाई म्हणायचे भाकरी जाड झाली, ती म्हणायची मग उद्या उपाशी राहा.

माघाच्या शेवटी एक दिवस ती आली आणि टोपलं डोक्यावरून उतरवलंच नाही. तशीच उभी राहिली.

नाक्यावर सांडूनं तिचं टोपलं उघडलं होतं. गोवऱ्या बाजूला केल्या, भाकऱ्यांची चळत बघितली, पुन्हा गोवऱ्या वर ठेवल्या. दुसऱ्या शिपायांना ऐकू जाईल असं म्हणाला, रानात लई मजूर लावलेत वाटतं वहिनी. मग वाटेला लावायच्या निमित्तानं चार पावलं बरोबर आला आणि हळू आवाजात एक निरोप दिला.

“काय म्हणाला?” कडुबानं पहिल्यांदाच तिच्याकडं बघून विचारलं.

कौसाबाई म्हणाली, “म्हणले, माझी ज्वारी सोंगणीला आल्ये. कडुबाला म्हणावं, सावड फेडून टाक. नाक्याच्या जमादाराला शंका आल्ये, गोळ्या वर कशा जातेत म्हणून. पुढल्या बारीला वर गेली तर मलाच भिंतीला उभं करतेत म्हणले. मला लेकरं हायेत म्हणले.”

 चाँदभाईंची पळी पातेल्यात तशीच राहिली.

ज्याची गोळी आम्हाला लागत नव्हती, त्यानं निरोप धाडला होता, की माझं देणं दे, म्हणजे मला नेम धरता येईल. आणि हा निरोप ज्याला मारायचं त्याच्याच बायकोच्या हाती.

*

कडुबा माझ्याकडं आणि वकीलसाहेबांकडं आला. एक दिवसाची रजा पाहिजे म्हणाला.

वकीलसाहेबांना आधी कळेचना. मग त्यांनी त्याला समोर बसवलं आणि नीट समजावलं. वकीलसाहेब वाईट माणूस नव्हते. म्हणाले, कडुबा, ही सावड बाकी आहे म्हणून तुम्ही जिवंत आहात. आम्ही सगळे जिवंत आहोत. लढाई संपू द्या. निजाम गेला की सांडूचं रान तुम्ही एकटे काय, आम्ही सगळे सोंगून देऊ. मी स्वतः विळा धरीन.

कडुबानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “आन् तवर त्यानं कुणाच्या जिवावर वर मारायचं? त्याच्या?”

वकीलसाहेब म्हणाले, “तो शत्रू आहे, कडुबा.”

“हौ ना. मंग शत्रूचं देणं कशाला ठेवायचं?”

वकीलसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, नाही. रजा नाही. शत्रूच्या मुलखात, दिवसाढवळ्या, वॉरंट असलेला माणूस, हातात बंदूक नाही, विळा. मी कुठल्याही शिपायाला सोडला नसता. आज कुणी विचारलं तरी मी नाहीच म्हणेन.

कडुबा म्हणाला, “बराबर हाय तुमचं, हवालदार. तुमी न्हाईच म्हणायला पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटल्यावर पहाऱ्यावर मी होतो. कडुबा विळा घेऊन माझ्या समोरून आला. रामराम केला. धुरा ओलांडला आणि उतरून गेला.

मी बंदूक हातात घेऊन उभा होतो. मी त्याला थांब म्हटलं नाही. 

*

सांडूचं रान धुऱ्याच्या अगदी खाली. मधे फक्त एक उतार आणि कोरडा ओढा. नाक्यावरून बघणाऱ्याला तिथं सोंगणीचे मजूरच दिसले असते. मोठ्यानं बोललेलं वर ऐकू यायचं. दिवस वर आला तसा सगळा कॅम्प धुऱ्यावर आडवा झाला. कुणाला बोलवावं लागलं नाही.

कौसाबाई गावाकडून आलेली होती. जोडीच्या दिवसाची फेड जोडीनंच करायची, बैलजोडीला माणसांची जोडी, असा हिशेब होता. सांडू आधीच रानात होता. अंगात सरकारी खाकी, खांद्यावर बंदूक. उंच नाही, साधा माणूस. मी त्याला इतक्या जवळून प्रथमच बघत होतो.

कडुबा बांधावर आला. सांडूनं बंदूक बाभळीला टेकवली, खाकी काढून फांदीवर टाकली, कमरेचा विळा काढला.  तिघांनी तीन पाती, म्हणजे कापणीचे तीन पट्टे, धरल्या आणि सोंगायला लागले. सांडू मधे, एका बाजूला कडुबा, एका बाजूला कौसाबाई.

ज्वारी चांगली आली होती. पेंढ्या पडत गेल्या.

दुपारी सांडूची बायको भाकरी घेऊन आली. सावडीला आलेल्याला घरच्यानं जेवू घालायचं असतं. कडुबा ती भाकरी खायला बसला. सांडूनं कांदा बुक्कीनं फोडला आणि अर्धा त्याच्यापुढं सरकवला. माझ्या शेजारी वकीलसाहेब पालथे पडून बघत होते. त्यांच्या चष्म्यावर घाम आला होता. ते स्वतःशीच म्हणाले, “हे मी कुणाला सांगू? कोण खरं मानील?”

तेवढ्यात पलीकडून आसाराम सरपटत आला. बारा बोराची बंदूक त्याच्या हातात. त्यानं नळी धुऱ्यावर ठेवली आणि माझ्या कानाशी म्हणाला, “हवालदार, टप्प्यात हाय. त्याची बंदूक बाभळीला हाय. एका बारात मिटवून टाकतो. पुन्हा सावड न्हाई, काही न्हाई.”

लढाईच्या हिशेबानं त्याचं बरोबर होतं. सांडू नाक्यावरचा एकुलता एक नेमबाज होता. उद्यापासून आमच्यातला कोण जाईल ते त्याच्या बोटावर होतं. वकीलसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. त्यांनाही हे कळत होतं. ते नाही म्हणाले नाहीत.

मी बंदूक घेतली. उघडली. काडतूस काढून खिशात टाकलं.

आसाराम म्हणाला, “का?”

मी म्हटलं, “काम चालू आहे.”

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग त्यानं तोंड खाली करून खालच्या रानाकडं बघितलं.

ऊन उतरायला लागलं तशी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. दोघांच्या पाती शेवटाला आल्या होत्या. कौसाबाईची निम्म्यात होती. तिचा हात आमच्या सगळ्या भागात माहीत होता. सोंगणीला तिच्या पुढं गडी टिकत नसे. आणि ती ज्वारीचं एक एक ताट धरत होती. धरायची, बघायची, कापायची, आडवं ठेवायची. पुन्हा पदर सावरायची. मधेच विळ्याला धार लावायला बसायची. विळ्याची धार गेलेली नव्हती.

चाँदभाई माझ्या मागं येऊन आडवे झाले होते. त्यांनीही ते बघितलं. म्हणाले, “या अल्ला.” एवढंच.

सांडूची पात संपली. कडुबाची संपली. दोघं पाठी सरळ करून उभे राहिले. दिवस बुडायला आला होता. कौसाबाईनं विळा खाली ठेवला आणि बांधावर बसली.

म्हणाली, “झालं आजच्यापुरतं. ऱ्हायलं ते उद्या बघू.”

 सांडूनं त्या उभ्या ज्वारीकडं बघितलं. मग नाक्याकडं बघितलं. त्याचा चेहरा वरून नीट दिसत नव्हता. हात मात्र दिसत होते. ते कमरेवर होते, ते खाली सोडले.

कौसाबाई पुन्हा म्हणाली, “भाऊजी, उद्या येते मी. परवा येते. चार दाणे उभे ऱ्हायले तर काय बिघडतं? तुमी म्हणा ना, ऱ्हाऊ द्या म्हणून.”

सांडू म्हणाला, “मी कसं म्हणू, वहिनी.”

मग ती नवऱ्याकडं वळली.  नुसती बघत राहिली.

कडुबा तिच्या जवळ गेला.  खाली वाकून त्यानं तिचा विळा उचलला, कारण तो जास्त धारेचा होता. तिची पात धरली आणि सोंगायला लागला. सांडू दुसऱ्या बाजूनं येईल असं मला वाटलं. तो आला नाही. ती पात त्याची नव्हती.

कडुबानं शेवटचं ताट कापलं, पेंढी बांधली, बाकीच्या पेंढ्यांशेजारी उभी केली. विळा कौसाबाईपुढं ठेवला.

सांडूनं खाकी अंगात घातली. बंदूक खांद्याला लावली.

“फिटलं,” तो म्हणाला.

“फिटलं,” कडुबा म्हणाला.